वर्दी संपल्यावर

२ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ तीन रेल्वेगाड्यांचा अपघात झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, म्हणजे एनडीआरएफच्या, नऊ तुकड्या तिथे गेल्या. त्यांनी ४४ जणांना सोडवलं आणि १२१ मृतदेह बाहेर काढले. काही दिवसांतच दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी एका परिषदेत जाहीरपणे सांगितलं, की आपल्या एका जवानाला पाणी पाहिलं की रक्त दिसतं आणि दुसऱ्याची अन्नावरची वासनाच उडाली आहे. गणवेशातल्या दलाच्या प्रमुखाने व्यासपीठावरून असं बोलणं आपल्याकडे विरळाच. शौर्याची भाषणं होतात, हुतात्म्यांची नावं घेतली जातात. धडधाकट परतलेल्याच्या रात्री कशा जातात, याची वाच्यता होत नाही. करवाल यांनी समुपदेशनाची सोय केल्याचं सांगितलं. आदल्या वर्षी सुमारे १८ हजार जवानांची खास तपासणी झाली आणि तीत ९५ टक्क्यांहून अधिक जण ठणठणीत निघाले, हेही सांगितलं. हा आकडा दिलासा म्हणून दिलेला होता. उलट्या बाजूने मोजला तर आठ-नऊशे माणसं उरतात. शिवाय खात्याने नेमलेल्या डॉक्टरसमोर उभं राहून ‘साहेब, मला झोप येत नाही’ असं कितीजण म्हणाले असतील, हे त्या टक्केवारीतून कळत नाही.

आगीत शिरणारे, दरडीखालून माणसं काढणारे, रुळांवरचे तुकडे गोळा करणारे, अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणारे यांच्या मनावर होणाऱ्या आघाताचा अभ्यास जगात गेली चाळीसेक वर्षं नेटाने चालू आहे. त्यातून काही गोष्टी पक्क्या झाल्या, काही लाडक्या समजुती मोडीत निघाल्या. आपल्याकडे मात्र आधार देणं म्हणजे दुर्घटनेनंतर एक शिबिर, एखादं प्रेरणादायी व्याख्यान आणि सकाळी योगाचा तास, असं समीकरण बसून गेलं आहे. संशोधन वाचत गेलं की दिसतं ते असं: माणूस सावरणार की खचणार, हे दुर्घटना केवढी होती याच्याइतकंच त्याची पाळी किती तासांची, त्याचा वरिष्ठ कसा, सोबतचे किती घट्ट आणि नोकरी किती पक्की यावर ठरतं. शिबिराने यातलं काहीच बदलत नाही.

आधी आजाराविषयी थोडक्यात. आघातानंतरच्या तणावाचा विकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीत १९८० साली आलं. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता. घडलेली गोष्ट आठवण म्हणून न येता पुन्हा घडत असल्यासारखी येते. माणूस त्या जागा, तो वास, ती माणसं टाळू लागतो. सतत सावध राहतो, खट्ट झालं की दचकतो, रात्री टक्क जागा असतो. स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मत काळवंडतं. हे महिनाभराहून जास्त टिकलं आणि त्याने घर किंवा काम कोलमडू लागलं, तर निदान केलं जातं. पहिल्या काही आठवड्यांत असं होणं अगदी स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडच्या दवाखान्यात मात्र हा माणूस ‘आघात’ घेऊन येतच नाही. तो पित्त, पाठदुखी, रक्तदाब आणि ‘डोकं भणभणतं’ अशा तक्रारी घेऊन येतो आणि आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन परत जातो.

२०१३ साली त्या नियमावलीत एक बदल झाला. तोवर निदानासाठी एखादी मोठी घटना लागे. आता कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा भीषण तपशिलांना सामोरं जावं लागणं हेही पुरेसं मानलं गेलं. नियमावलीने उदाहरणंच दोन दिली: मानवी अवशेष गोळा करणारे बचाव कर्मचारी आणि बालअत्याचाराचे तपशील सतत हाताळणारे पोलीस.

हे वाचताना मुंबईचा लोहमार्ग पोलीस डोळ्यांसमोर येतो. मुंबई उच्च न्यायालयासमोरच्या एका जनहित याचिकेत आलेल्या आकड्यांनुसार २०२३ या एका वर्षात उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसं मेली. रोज सरासरी सात. हे सात मृत्यू वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरसुद्धा येत नाहीत, पण त्यांतल्या बऱ्याच मृत्यूंमागे एक मोटरमन असतो, ज्याला रुळावर आलेला माणूस दिसलेला असतो आणि ब्रेक लावूनही गाडी थांबणार नाही हेही कळलेलं असतं. मग स्टेशनवरचा पोलीस शिपाई, अपमृत्यूची नोंद, पंचनामा, खिशातल्या मोबाइलवरून लागलेला शेवटचा नंबर, आणि पलीकडून विचारणाऱ्या बाईला काय सांगायचं हा प्रश्न. हे सगळं करताना मागे गाड्या खोळंबलेल्या असतात, म्हणून घाई. मृतदेह प्रत्यक्ष उचलतात ते हमाल. ते पोलीस नसतात, रेल्वेचे कायम नोकरही नसतात. कामागणिक चार पैसे मिळतात. हातमोजे मिळाले तर मिळाले. या साखळीत जो जितका खाली, त्याच्या वाट्याला प्रेत तितकं जवळून येतं आणि आधार तितका कमी.

किती जणांना हा त्रास होतो? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात जगभरच्या वीस हजारांवर बचाव कर्मचाऱ्यांची आकडेवारी एकत्र केली होती. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास लोकांना चालू पीटीएसडी आढळला, रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांत तो इतरांहून जास्त. भारताचा विचार केला तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वसाधारण प्रौढांमध्ये हे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या घरात आलं. बारा राज्यांत झालेल्या त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, आणि घरोघरी जाऊन केलेल्या अशा पाहणीत व्यवसायानुसार हे चित्र उमटणं तसंही कठीण. अग्निशमन जवान किंवा शवविच्छेदन गृहातला कामगार त्या सरासरीत विरघळून जातो.

मला सर्वांत बोलका वाटलेला आकडा न्यूयॉर्कचा आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यावर काम केलेल्यांची दोन-तीन वर्षांनी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली आले. एकूण प्रमाण होतं १२.४ टक्के. पोलिसांत ६.२ टक्के. आणि कुठल्याच संस्थेशी जोडलेले नसलेले, आपणहून धावून आलेले जे स्वयंसेवक होते, त्यांच्यात तब्बल २१.२ टक्के. ढिगारा एकच, तरी फरक तिपटीहून अधिक. पोलिसांची निवड झालेली असते, प्रशिक्षण असतं, आपण इथे का आहोत हे ठाऊक असतं आणि संध्याकाळी परत जायला एक तुकडी असते. स्वयंसेवकाकडे यातलं काहीच नसतं.

महाराष्ट्रात ही गोष्ट जास्तच लागू पडते, कारण सह्याद्रीत दुर्घटना झाली की पहिले पोहोचतात ते गावकरी आणि ट्रेकर. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तीस जण गेले, एकच वाचला. त्या दरीत दोर लावून उतरले महाबळेश्वर-पोलादपूरकडचे ट्रेकर. ३० जुलै २०१४ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, तेव्हा दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वर यंत्रं चढवता येत नव्हती, म्हणून कुदळ-फावड्यांनी, हातांनी चिखल उपसला गेला. चढणीवरच नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता म्हणून नोंदले गेले. शोध थांबवण्याचा निर्णय योग्यच होता. पण ज्याने चार दिवस त्या चिखलात हात घातले, त्याला ५७ माणसं खाली असल्याचं माहीत असताना डोंगर उतरावा लागला. पोलीस, एनडीआरएफचे जवान आपापल्या तळावर गेले. ट्रेकर सोमवारी आपापल्या दुकानात, कंपनीत, कॉलेजात हजर झाले. त्यांचे सत्कार झाले असतील, शालीही मिळाल्या असतील.

आता आधाराच्या पद्धतींकडे येऊ. इथेच सगळ्यांत मोठी उलथापालथ झाली आहे.

१९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी बचाव कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली. ते स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिकेच्या कामातून आलेले. घटना घडल्यावर दोन-तीन दिवसांत सगळ्या तुकडीला एकत्र बसवायचं, प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं, सर्वांत वाईट क्षण कोणता होता ते टप्प्याटप्प्याने सांगायचं. ‘डिब्रीफिंग’ या नावाने ही बैठक जगभर पसरली. कल्पना सहज पटणारी होती. मनातलं बाहेर आलं की मन मोकळं होतं, हे कोण नाकारेल? पोलीस दलांनी, बँकांनी, विमान कंपन्यांनी ती सक्तीची केली. मग तपासण्या झाल्या. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९७ साली आले. तेरा महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना अशी बैठक दिली होती त्यांच्यात २६ टक्के लोकांना पीटीएसडी होता, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात ९ टक्के. बैठक दिलेल्या गटातल्या लोकांच्या जखमा मुळातच काहीशा जास्त होत्या हे खरं. पण २००२ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष काढला, की एका बैठकीतलं हे डिब्रीफिंग पीटीएसडी रोखतं असा पुरावा नाही आणि ते सक्तीने करणं बंद व्हावं. ब्रिटनच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

मिचेल यांच्या बाजूच्या लोकांचा आक्षेप असा, की या चाचण्या अपघातग्रस्त रुग्णांवर, एकेकट्याला बसवून केल्या होत्या. मूळ पद्धत होती प्रशिक्षित तुकड्यांसाठी, गटाने करायची. आक्षेपात तथ्य आहे. तरीही ज्या उपायाने अपाय होऊ शकतो तो सिद्ध झालेला नसताना सक्तीने वापरावा, याचं समर्थन त्यातून होत नाही. अपाय का होत असावा, याचे अंदाज बांधता येतात. मन जे हळूहळू बाजूला ठेवत असतं, तेच ताजं असताना उकरलं जातं. ज्याने स्वतः प्रेत पाहिलं नव्हतं, त्याला सहकाऱ्याच्या वर्णनातून ते दिसतं. आणि चार दिवस झोप न लागणं हे साधं असताना तो आजार वाटू लागतो.

त्याच्या जागी आता जे सुचवलं जातं ते अगदीच साधं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र तीन क्रियापदांत मावतं: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्याने खाल्लंय का, घरी फोन लागला का, हे आधी बघायचं. तो बोलला तर ऐकायचं, न बोलला तर खोदायचं नाही. पुढे लागेल त्या सेवेशी गाठ घालून द्यायची. यासाठी मानसशास्त्रातली पदवी लागत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २००९ साली मनोसामाजिक आधाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही दुर्घटना झाली की टीव्हीवर पहिला प्रश्न येतो, ‘कौन्सेलर पाठवले का?’ मला या प्रश्नाची धास्ती वाटते. पहिल्या आठवड्यात जवानाला चहा, अंघोळ, सलग आठ तास झोप आणि घरी जायला रजा हवी असते. समुपदेशकाची गरज लागली तर महिन्या-दीड महिन्यानंतर लागते. तेव्हा कॅमेरे गेलेले असतात आणि समुपदेशकही.

ज्यांचा त्रास टिकून राहतो त्यांच्यासाठी चांगले उपचार आहेत, ही या विषयातली सर्वांत आशादायक बाजू. आघातावर केंद्रित असलेल्या बोधात्मक-वर्तनात्मक उपचारात माणूस प्रशिक्षित उपचारकाबरोबर, सुरक्षित जागी, त्या आठवणीकडे पुन्हा पुन्हा जातो आणि तिची धार हळूहळू कमी होते. डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने केला जाणारा ईएमडीआर हा दुसरा उपचार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या सूचनांत प्रौढांसाठी या दोन्हींची शिफारस आहे. साधारण आठ ते बारा भेटींत बऱ्याच जणांना उतार पडतो. याच सूचनांनी पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन वर्गातल्या गोळ्या, म्हणजे आपल्याकडे कुठल्याही मेडिकलवर मागितल्या जाणाऱ्या ‘झोपेच्या गोळ्या’, देऊ नयेत असंही सांगितलं आहे. दारूचं काम तेच. शवागारात काम करणाऱ्यांबद्दल ‘प्यायल्याशिवाय हे होणारच नाही’ असं सगळेच सहानुभूतीने म्हणतात. दारूने रात्र निघते, पण झोपेची घडी विस्कटते आणि आठवण जिथल्या तिथे राहते.

अडचण उपचार मिळण्याची आहे. देशात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचं प्रमाण एकाहूनही कमी, सुमारे ०.७५. आघातावरचा उपचार रीतसर शिकलेला, मराठीत करणारा माणूस गडचिरोलीत किंवा महाडमध्ये शोधायचा म्हटला तर पंचाईत होते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या, फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या टेलिमानस सेवेने, १४४१६ या क्रमांकाने, एक दार उघडलं हे खरं. सैन्यदलासाठी तर डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात तिचा स्वतंत्र कक्षच सुरू झाला, कारण गणवेशातल्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात हे मान्य झालं. पोलीस, अग्निशमन, १०८ ची रुग्णवाहिका यांचे प्रश्नही तितकेच वेगळे असतात. पहाटे तीनला फोन करणाऱ्या फायरमनला पलीकडच्या माणसाला वर्दी म्हणजे काय इथपासून समजवावं लागलं, तर तो दुसऱ्यांदा फोन करत नाही.

आणि दार असलं तरी आत जायची भीती असते. पोलीस शिपायाला वाटतं, मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्याचं कळलं तर हत्यार काढून घेतील, साइड ब्रँचला टाकतील, गोपनीय अहवालात शेरा येईल, मुलीच्या लग्नात विषय निघेल. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, पण कायदा शिपायाला कुणी वाचून दाखवत नाही. त्याला हवालदारसाहेबांचा अनुभव माहीत असतो.

म्हणून वरिष्ठांचा प्रश्न मला समुपदेशकाच्या प्रश्नाहून मोठा वाटतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात झालेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत जवानांना हातच लावला नाही. त्यांच्यावरच्या अधिकाऱ्यांना फक्त चार तासांचं प्रशिक्षण दिलं: माणूस बदललाय हे कसं ओळखायचं, त्याच्याशी बोलणं कसं सुरू करायचं, आजारी रजेवर गेलेल्याशी संपर्क कसा ठेवायचा. सहा महिन्यांत त्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या लोकांच्या कामाशी संबंधित आजारी रजा कमी झाल्या आणि खर्चाच्या सुमारे दहापट परतावा मिळाला. ब्रिटनच्या रॉयल मरीन्सनी सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांकडे लक्ष ठेवण्याची ‘ट्रिम’ ही पद्धत काढली. २०१० सालच्या नौदलातल्या चाचणीत तिने पीटीएसडी कमी झाल्याचं दिसलं नाही, अपायही झाला नाही, तुकडीचं कामकाज मात्र थोडं सुधारलं. हा निष्कर्ष फारसा झगमगीत नाही, पण प्रामाणिक आहे. या क्षेत्रात एवढंसं यशसुद्धा पुष्कळ म्हणायचं. २००० साली लंडनमधल्या संशोधकांनी पीटीएसडीच्या जोखमीचे चौदा घटक एकत्र तपासले, तेव्हा घटनेनंतर आधार न मिळणं आणि आयुष्यात इतर ताण चालू असणं हे घटक लहानपण, शिक्षण, पूर्वीचा आजार यांच्याहून जड निघाले. ‘याचं मनच मुळात कमकुवत’ हे बराकीतलं निदान पुराव्यापुढे फारसं टिकत नाही.

‘इतर ताण’ म्हणजे काय, हे पोलिसांच्या बायकांना विचारावं. २०१६च्या मे महिन्यात मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. आराखडा एका शिपायाने मांडला होता आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. मानसिक आरोग्याचा कार्यक्रम असं त्याला कुणी म्हटलं नाही. माझ्या मते महाराष्ट्रात पोलिसांच्या मनासाठी जे काही झालं त्यात हा फार मोलाचा प्रयत्न होता. झोप मिळाली, पोरांची शाळा दिसली, की बंदोबस्तात पाहिलेलं विसरायला नाही तरी पचवायला जागा मिळते. असे प्रयोग मनुष्यबळाच्या तुटवड्यावर आणि सणावारांच्या बंदोबस्तावर येऊन अडखळतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

अग्निशमन दलाचं दुखणं आणखी वेगळं. १४ एप्रिल १९४४ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ जवान गेले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ला काळबादेवीत गोकुळ निवास कोसळलं. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई असे चार वरिष्ठ अधिकारी त्या दुर्घटनेने नेले. दलाचा माथाच गेला. पण त्या रात्रीही शहरातल्या इतर केंद्रांवर वर्दी येतच होती आणि गाड्या निघत होत्या. शोक करायला पाळी सुटत नाही. स्मृतिदिन वर्षातून एकदा येतो, घंटा रोज वाजते.

एक आघात असाही असतो ज्यात भीतीपेक्षा अपराधाची बोच जास्त असते. व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी १९९४ साली याला नैतिक जखम म्हटलं. जे बरोबर होतं ते करता आलं नाही, किंवा वरच्यांनी करू दिलं नाही, याची ही जखम. कोविडच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचा एकच सिलिंडर आणि दोन रुग्ण असताना परिचारिकेने काय करावं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. २१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायू गळाला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. कर्मचारी एका खाटेवरून दुसरीकडे धावत होते.

अशा घटनांनंतर आपल्याकडे पहिली जी गोष्ट पोहोचते ती चौकशी समिती. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागात जानेवारी २०२१मध्ये आग लागून दहा बाळं दगावली, नोव्हेंबर २०२१मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण गेले. दोन्हीकडे परिचारिकांवर कारवाई झाली. नगरला तर एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. निष्काळजीपणा झाला असेल तर जबाब द्यावाच लागेल, त्याबद्दल वाद नाही. पण विजेची जोडणी, अग्निसुरक्षेची तपासणी, धूर ओळखणारी यंत्रणा यांची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते आणि त्या वेळी वॉर्डात असलेल्या बायका यांना एकाच तराजूत तोललं गेलं की उरलेल्या सगळ्या परिचारिका एक धडा घेतात: काय पाहिलं ते बोलायचं नाही, बोललं तर जबानीत जातं.

आशासेविकांचं तर बोलायलाच नको. महाराष्ट्रात त्या सुमारे ७० हजार आहेत. कोविडमध्ये दारोदार जाणाऱ्या, वस्तीतल्या लोकांच्या शिव्या आणि प्रसंगी मार खाणाऱ्या, महिन्याला हजार रुपये प्रोत्साहन भत्त्यावर राबणाऱ्या याच बायका. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यातल्या चौदा जिल्ह्यांत राबवलेल्या प्रेरणा प्रकल्पात घरोघरी जाऊन ‘झोप लागते का, जगावंसं वाटतं का’ हे विचारण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. तिला स्वतःला झोप लागते का, हे विचारण्याची तरतूद कुठल्याच तक्त्यात नाही, कारण कागदोपत्री ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला आजारी रजाही नाही, मग मनाच्या आजाराची कुठून असेल?

कायदा इथे काय म्हणतो? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो आणि सेवेत असताना विकलांगता आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. डिसेंबर २०२१मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या, रविंदर कुमार धारीवाल यांच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मानसिक विकलांगतेमुळे घडलेल्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. निकाल दूरगामी आहे. मात्र त्याच वर्षी केंद्राने निमलष्करी दलांतल्या लढाऊ पदांना या कायद्याच्या संबंधित कलमातून वगळलं. म्हणजे जिथे गरज सर्वाधिक तिथेच छत्रीला भोक.

भरपाईचं दार त्याहून अरुंद. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात शिसं, पारा, सिलिकोसिस, अॅस्बेस्टोसिस असे व्यवसायजन्य रोग होते, पीटीएसडी नव्हता. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१६ साली कायदाच बदलला. पोलीस, अग्निशमन जवान, रुग्णवाहिकेचे कर्मचारी यांना पीटीएसडी झाल्याचं निदान झालं, तर तो कामामुळेच झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. माणसाला आपली प्रत्येक वाईट रात्र समितीपुढे पुन्हा मांडावी लागत नाही.

असा कायदा आपल्याकडे उद्या झाला तरी एक अडचण उरते, ती म्हणजे हजेरीची. न्यूयॉर्कमध्ये ढिगाऱ्यावर काम केलेले, त्या परिसरात राहणारे आणि तिथे असलेले अशा ७१ हजारांहून अधिक लोकांची नोंदवही २००३-०४ मध्ये तयार झाली. त्यांची वर्षानुवर्षं पाहणी होते आणि २०११च्या कायद्याने बचाव कामात असलेल्यांच्या उपचारांचा, मनाच्या उपचारांसकट, खर्च केंद्र सरकारने उचलला. स्वयंसेवकांमधलं २१.२ टक्क्यांचं प्रमाण कळलं ते या वहीमुळेच. आपल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांकडे मृतांची यादी असते, बेपत्तांची असते, वारसांच्या खात्यात गेलेल्या रकमांची असते. तिला आणखी एक तक्ता जोडता येईल: त्या दिवशी कोण कोण आलं होतं, गावकरी, ट्रेकर, जेसीबीवाला, रुग्णवाहिकेचा चालक, प्रेतं उचलणारा हमाल, कोणी काय केलं, किती तास केलं, मोबाइल नंबर काय. हा विकार सहा महिन्यांनंतरही डोकं वर काढू शकतो, तेव्हा तालुक्याच्या आरोग्य केंद्रातून एक फोन तिसऱ्या महिन्यात, एक सहाव्या आणि एक वर्षाने. या कामाला नवं खातं लागत नाही आणि तज्ज्ञही लागत नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि आरोग्यसेवक दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी तिथे असतातच, वही घेऊन.